फ्रीजची जागा ओट्याच्या आधी ठरवा



‘घर पाहावे बांधून’ असे म्हणतात ते उगाच नाही. शनिवार पेठेतल्या एका भगिनीचे पत्र या आठवड्यात हाती आले आहे. त्या लिहितात :

‘आमचा जुना वाडा पाडून त्या जागी इमारत होणार आहे. आमच्या वाट्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर येते. स्वयंपाकघर नकाशात ८ फूट बाय ९ फूट आहे. ९ फुटांच्या भिंतीला सलग ओटा, त्यात सिंक, समोर भांड्यांची मांडणी, सगळे दाखवले आहे. फ्रीज मात्र कुठेच नाही. बिल्डरकडच्या माणसाला विचारले तर म्हणाला, “फ्रीज काय, कुठंही बसेल. हॉलमध्ये ठेवा.” घरातली मंडळी म्हणतात, एवढ्यातेवढ्यासाठी नकाशाला हात लावला तर काम लांबेल. पुढच्या महिन्यात सह्या आहेत. सासूबाईंचे वय झाले, त्यांचे इन्शुलिन फ्रीजमध्ये असते. मी गप्प बसावे की हट्ट धरावा?’

हट्ट धरा, ताई. पण टेप आणि कागद हाती घेऊन धरा, म्हणजे तो हट्ट राहणार नाही, हिशोब होईल. नव्या घराच्या उंबरठ्यावर असलेल्या तुम्हा सगळ्यांच्याच उपयोगी पडेल म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

फ्रीज नकाशातून गळतो कसा?

आपल्या पेठांतल्या वाड्यांची स्वयंपाकघरे फ्रीजच्या आधीची. दूध-दुभत्याला जाळीचे कपाट, लोण्याला शिंके, पाण्याला माठ आणि भाजी रोजची रोज मंडईतून. गारव्याची जागा म्हणजे घरातला सर्वांत सावलीचा कोपरा, आणि तो कोपरा घरच्या बाईने ठरवलेला असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. शनिवार-नारायणातले कितीतरी वाडे त्यात पडले. पुढे शहरभर नव्या वसाहती आणि ब्लॉक उभे राहू लागले, पण त्यांच्या स्वयंपाकघरांचा हिशोब ओटा, मोरी आणि फडताळ इथेच संपत होता. गोदरेजने भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली ती १९५८ साली. मध्यमवर्गीय घरात तो पोचायला पुढे बराच काळ गेला. आला तेव्हा स्वयंपाकघरात जागा नव्हती, आणि कौतुकही होते. म्हणून तो बाहेरच्या खोलीत बसला. डोक्यावर भरतकामाचा रुमाल, त्यावर फुलदाणी! तुमच्यापैकी अनेकींना माहेरचा तो फ्रीज आठवत असेल.

आता ते कौतुक सरले. दूध, भिजवलेली कणीक, डोशाचे पीठ, निवडलेली मेथी, औषधे, सगळे त्याच्याच पोटात. दिवसभरात गॅसइतकाच त्याच्याशी आपला संबंध येतो. तरी नकाशा काढणाऱ्याची सवय जुनीच राहिली : ओटा आधी, आणि उरेल त्या कोपऱ्यात फ्रीज.

हॉलमधला फ्रीज किती चालायला लावतो?

एक दिवस ओट्यावर कागद ठेवा आणि फ्रीज उघडला की एक रेघ मारा. संध्याकाळी मोजा. समजा, २० रेघा झाल्या. फ्रीज हॉलमध्ये, ओट्यापासून १५ फुटांवर असेल, तर एका खेपेला जाऊन-येऊन ३० फूट, दिवसाला ६०० फूट. वर्षाचे साधारण ६६ किलोमीटर झाले. पुण्याहून लोणावळ्याला चालत जाण्याएवढी ही पायपीट, आणि तीही एका हातात पातेले घेऊन! आज तुमचे गुडघे ठणठणीत असतील. पण हे घर तुम्हाला पुढची तीस वर्षे वापरायचे आहे. ‘कुठंही बसेल’ म्हणणाऱ्याच्या पुढे हा आकडा ठेवा.

फ्रीजला खरी जागा किती लागते?

इथे पुष्कळजणींची गफलत होते. दुकानातल्या कागदावर लिहिलेले माप हे फ्रीजच्या अंगाचे असते. त्याला श्वास घ्यायला आणि दार उघडायला लागणारी जागा आपण त्यात मिळवायची.

अंगाची मापे ढोबळपणे अशी धरा. एकदारी, १९० लिटरच्या आसपासचा फ्रीज साधारण ५४ सेंटिमीटर रुंद, ६५ खोल आणि १२० ते १३० उंच. दोनदारी, २५० लिटरचा ५५ ते ६० रुंद, ६५ ते ७० खोल, १५० ते १६० उंच. ३०० ते ३५० लिटरचा ६० रुंद, ७० खोल आणि १७० ते १७५ उंच. शेजारी-शेजारी दोन दारांचा मोठा फ्रीज तब्बल ९० सेंटिमीटर, म्हणजे ३ फूट रुंद. ८ बाय ९ च्या स्वयंपाकघरात त्याचा विचार सोडून द्यावा. ३० सेंटिमीटर म्हणजे अंदाजे एक फूट, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आता श्वासाची जागा. फ्रीज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. पूर्वीच्या फ्रीजच्या पाठीला काळी जाळी असे, ती तापायची. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून हात लावला तर कुशी कोमट लागतात. तो बिघाड नव्हे, बरं का! पण याचा अर्थ असा की, नुसती पाठ मोकळी ठेवून भागत नाही. दोन्ही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर, मागे ५ ते १० आणि डोक्यावर निदान १० सेंटिमीटर मोकळे सोडा. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे. फळ्यांच्या पेटीत घट्ट बसवलेला फ्रीज दिसायला नीटनेटका. पण चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा ४० च्या आसपास गेला की त्याची मोटर थांबतच नाही, विजेचे बिल चढते आणि आतला गारवा मात्र कमी होतो. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. तेव्हा पत्रातल्या ताईंसाठी ही मोकळी जागा औषधापाण्याचीच बाब आहे.

तिसरी जागा दाराची. ६० सेंटिमीटर रुंदीच्या फ्रीजचे दार उघडले की ते समोर आणखी जवळजवळ २ फूट येते, आणि त्यापुढे तुम्हाला उभे राहून खाली वाकायचे असते. भाजीचा खालचा खण ओढताना पाठीमागे ओटा किंवा भिंत लागता कामा नये. फ्रीजच्या तोंडापासून साडेतीन फूट मोकळे मिळाले तर वावरता येते. त्याहून कमी म्हणजे रोजची कसरत.

दार कुठल्या हाताला उघडते?

ही बाब फार क्वचित कुणी विचारात घेते. बहुतेक फ्रीजच्या बिजागऱ्या समोर उभे राहिल्यावर आपल्या उजव्या हाताला असतात, म्हणजे दार डावीकडून उघडते. म्हणून फ्रीजच्या डाव्या बाजूला ओटा हवा. काढलेले पातेले सरळ ओट्यावर टेकवता येते. ओटा उजवीकडे आला, तर उघडे दार तुमच्या आणि ओट्याच्या मध्ये फळीसारखे उभे राहते आणि दर वेळी वळसा पडतो. काही फ्रीजचे दार दोन्हीकडे बसवता येते, घेताना विचारा.

उजव्या हाताला लागून भिंत असेल तर तिथे चार बोटे तरी, जमल्यास वीतभर जागा सोडा. नाहीतर दार भिंतीला अडते आणि आतले खण पुरते बाहेर येत नाहीत. दुकानात फ्रीज पाहताना दार काटकोनात धरून ठेवा आणि भाजीचा खण ओढून पाहा. विक्रेता हसला तर हसू द्या.

८ बाय ९ मध्ये बसवायचा कसा?

आता आपल्या ताईंचे स्वयंपाकघर घेऊ. ओट्याची खोली नेहमीची २ फूट धरली आहे. ९ फुटांच्या भिंतीचे उजव्या हाताकडचे अडीच फूट फ्रीजसाठी काढा. उरले साडेसहा फूट. फ्रीजच्या शेजारी पाऊण फूट ओटा मोकळा ठेवा, पातेले टेकवायला. मग पावणेदोन फूट सिंक, पावणेदोन फूट चिरायला-लाटायला आणि सव्वादोन फूट दोन बर्नरच्या शेगडीला. फ्रीजमधून काढले, धुतले, चिरले, शिजवले, असा हात एकाच दिशेने सरकत जातो. उन्हाचे कवडसे येणारी खिडकी फ्रीजवर न येता शेगडीच्या बाजूला आली तर फोडणीचा ठसकाही बाहेर जाईल.

नळाच्या पाइपामुळे सिंक हलवता येत नसेल तर क्रम बदला, पण फ्रीज आणि शेगडी यांच्यात निदान २ फूट अंतर राहू द्या. शेगडीची धग आणि फ्रीजचा गारवा यांचे वैर आहे. आणि सिंक अगदी लगत येत असेल तर मध्ये एक वीतभर उंचीची उभी फरशी लावून घ्या, शिंतोडे अडतात.

‘माझा अडीच फूट ओटा गेला’ असे वाटेल. तर समोरच्या भिंतीला ओट्याच्याच उंचीवर सव्वा फूट खोलीची फळी बसवा. मिक्सर, डबे आणि दळण तिथे जाईल. तरीही मधे पावणेपाच फूट मोकळे राहतात. दोघी सहज वावरू शकतील. देवघर स्वयंपाकघरात असेल तर तेही आत्ताच नकाशावर मांडा. मागाहून देव आणि फ्रीज एकाच कोपऱ्यावर हक्क सांगतात!

फ्रीज दाराजवळच्या टोकाला आला तर आणखी एक सोय होते. मुले पाणी प्यायला येतात, ती तापलेल्या तेलाच्या कढईपर्यंत न जाता दारातूनच परततात.

आजचा नको, पुढचा फ्रीज मोजा

आज तुमच्याकडे १९० लिटरचा एकदारी असेल. पण ओटा एकदा घातला की तीस वर्षे हलत नाही, फ्रीज मात्र त्या काळात दोनदा तरी बदलतो. म्हणून आजच्या फ्रीजला चिकटून ओटा कापू नका. अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल आणि सव्वासहा फूट उंच एवढा चौकोन राखून ठेवा, त्याच्यावरच माळा किंवा कपाट घ्या. फ्रीजखाली स्टँड ठेवत असाल तर त्याची उंचीही मिळवा. आपल्याकडे फरशी पाण्याने धुण्याची रीत आहे, तेव्हा स्टँड हवाच. झाडू आत जातो आणि पाय गंजत नाहीत.

वायरमनला काय सांगाल?

प्लग फ्रीजच्या पाठीमागे नको. फ्रीज न हलवता हात पोचेल असा, बाजूला, ओट्याच्या पातळीच्या वर घ्या. त्याला स्वतःचा पॉइंट आणि चांगले अर्थिंग असावे. मिक्सर-ओव्हनच्या पॉइंटवर त्याला पाहुणा म्हणून बसवू नये. काही फ्रीजची पिन लहान असते, काहींची जाड १६ अँपिअरची. पॉइंट १६ अँपिअरचाच घेतला की पुढची काळजी मिटते. एक्स्टेन्शनची वायर लोंबकळत ठेवू नका. नदीकडच्या गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्या भगिनींनी तर प्लग छातीएवढ्या उंचीवरच घ्यावा. पेठेला पाण्याची आठवण आहे.

वाडा तसाच राहणार असेल तर?

शनिवार पेठेत सगळ्यांचेच वाडे पडून नवे होत नाहीत. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक. २०१० साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई झाली आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आले. दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यामुळे कित्येक घरे वर्षानुवर्षे जुन्याच वाड्यात थांबली आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

वाड्याचा जिना आधी मोजा. लाकडी जिना अरुंद आणि वळणाचा असतो. फ्रीज तिथेच अडतो. जिन्याची रुंदी, वळणावरची जागा, चौकटींची रुंदी आणि उंची चिठ्ठीवर घेऊन मगच दुकानात जा. वर नेताना फ्रीज आडवा करावा लागला, तर उभा केल्यावर काही तास थांबून मगच बटण दाबा. वरच्या मजल्यावर फळ्यांची जमीन असेल तर खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळयांच्या टेकूजवळ ठेवा आणि पायांखाली जाड फळी द्या. भरलेला मोठा फ्रीज शंभर किलोच्या घरात जातो. आणि काहीही झाले तरी फ्रीजसाठी जुन्या मातीच्या भिंतीत कोनाडा खोदू नका. त्या भिंतीवर वरचा मजला उभा आहे.

सहीच्या आधी

नव्या इमारतीत जाणाऱ्यांनी कार्पेट एरियाच्या आकड्यावर विसंबून राहू नये. रेरा कायद्याप्रमाणे त्या आकड्यात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते. स्वयंपाकघर आतून किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून विचारायचे ते असे : ‘प्लास्टर आणि टाइल लागल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत किती?’ दोन्ही बाजूंचे मिळून दोन-तीन इंच सहज जातात, आणि फ्रीजचे दार अडायला तेवढे पुरतात.

मग एक गंमत करा. वाडा अजून उभा आहे ना? त्याच्या चौकात खडूने नवे स्वयंपाकघर पूर्ण मापाचे आखा. ओटा, सिंक, शेगडी, दरवाजा आणि फ्रीजचा अडीच फुटी चौकोन. उघडलेल्या दाराचीही रेघ काढा. सासूबाईंना खुर्ची द्या, घरच्या मंडळींना बोलवा आणि त्या रेघांच्या आत सकाळचा चहा, दोन भाज्या आणि पोळ्या यांचे नाटक करून दाखवा. नकाशावर न कळलेल्या गोष्टी तिथे पाच मिनिटांत कळतात. एकदा तुमच्या यजमानांनाही पोळी लाटायला उभे करा. त्यानंतर ‘एवढ्यातेवढ्यासाठी’ हा शब्द घरात उमटणार नाही.

ठरलेली जागा नकाशावर काढून घ्या, तिथे ‘फ्रीज’ असे लिहून घ्या, प्लगची खूण करून घ्या आणि त्या नकाशाची प्रत कराराला जोडा. कागदावरची रेघ पुसायला खर्च येत नाही. ग्रॅनाइट बसल्यावर तो कापायला मजुरी पडते, धूळ होते आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच. घराच्या सह्या पुरुषमंडळी करत असली तरी त्या ओट्याशी उभे राहायचे आहे तुम्हाला. तेव्हा नकाशा पसरला जाईल त्या दिवशी चहा ठेवायला आत जाऊ नका. चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या आणि तुम्ही नकाशापाशी बसा.

ही चिठ्ठी कापून टेपबरोबर ठेवा

• फ्रीजसाठी राखीव : अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल, सव्वासहा फूट उंच.
• बाजूंना ५ सेंटिमीटर, मागे ५ ते १०, वर १० मोकळे.
• फ्रीजच्या तोंडासमोर साडेतीन फूट.
• बिजागरीकडे भिंत असेल तर चार बोटे ते एक वीत.
• फ्रीजच्या दाराच्या मुठीकडे ओटा, निदान पाऊण फूट मोकळा.
• शेगडीपासून २ फूट दूर. थेट ऊन नको.
• प्लग बाजूला, ओट्याच्या वर, १६ अँपिअरचा, अर्थिंगसह.
• जिना, लिफ्ट, चौकटी : फ्रीज घेण्याआधी मोजा.

पत्रातल्या ताईंनी खडूचा प्रयोग करून काय ठरले ते जरूर कळवावे. पुढच्या आठवड्यात ओट्याच्या उंचीविषयी बोलू. सासू पाच फुटांची आणि सून साडेपाच फुटांची असेल तर ओटा कुणाच्या मापाचा घालावा, असे दोघींनी विचारले आहे. तोपर्यंत आपापल्या ओट्याशी उभ्या राहून कोपरापासून ओट्यापर्यंतचे अंतर मोजून ठेवा.